भावाची वही आणि नवा संगणक

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही धान्यबाजाराच्या परिस्थितीवर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना होती. तो विषय दरवर्षीचाच आहे आणि त्यावर लिहिणारे आमच्याहून जाणते लोक संघात पुष्कळ आहेत. सबब ह्या खेपेस आम्ही एक निराळाच विषय हाती घेत आहो. भावाचे आलेख काढणारे जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालविण्याच्या खटपटीत गेल्या वर्षी आमच्या पेढीवर जे घडले ते, आणि त्यावरून आमचे जे मत बनले ते, आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाचे शास्त्र आम्हास येत नाही. परंतु ज्याचा माल अडकतो त्याला कुलपाची माहिती आपोआप होते, तशातला हा प्रकार आहे.

नेरडीगोंडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. एका बाजूस निर्मल, दुसऱ्या बाजूस आदिलाबाद. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी हा आमचा माल. कापूसही आहे, पण तो आमच्या धंद्यात नाही. येथल्या घाऊक व्यापाऱ्याला सकाळी चार ठिकाणचे भाव ठाऊक नसतील तर संध्याकाळी तो शेतकऱ्यापुढेही खोटा पडतो आणि गिरणीवाल्यापुढेही. म्हणून आमच्या घरी भावाची वही ही रोजमेळ-खतावणीच्या जोडीने चालत आलेली आहे. आजोबांच्या वहीत तर एकाच मालाचे दोन भाव लिहिलेले सापडतात, एक हाली सिक्क्यात व दुसरा कलदार रुपयांत. ७ हाली म्हणजे ६ कलदार, हा हिशेब निजामी मुलखातल्या प्रत्येक दुकानदाराच्या जिभेवर असे. पुढे १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मणशेर जाऊन क्विंटल-किलो आले. पण आजोबांची वही कोणी निरुपयोगी म्हणून फेकून दिली नाही. ती आजही वाचता येते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी गोष्ट त्याभोवतीच फिरते.

संगणकावर भावाचा आलेख काढण्याची हौस आम्हास लागली ती एनसीडीईएक्स ह्या वायदेबाजारामुळे. तो बाजार डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाला. दोन-तीन वर्षांत हरभऱ्याच्या वायद्याचे आलेख आदिलाबादच्या दलालांच्या पडद्यावर दिसू लागले. लाल-हिरव्या उभ्या पट्ट्या, त्यांना वर-खाली बारीक दोरे. इंग्रजीत त्यांना मेणबत्त्या म्हणतात. दिवसाचा उघडता भाव, बंद भाव, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा, हे चार आकडे एका पट्टीत बसविलेले असतात. हे शेअरबाजाराचे शास्त्र असावे अशी आमची समजूत होती. परंतु तसे नाही, हे कळल्यावर आम्हास मोठी मौज वाटली. ह्या पद्धतीचे मूळ जपानच्या तांदळाच्या व्यापारात आहे. ओसाका शहरातील दोजिमाच्या तांदूळबाजारास तेथील राजसत्तेने १७३० मध्ये मान्यता दिली. साकाता गावचा होन्मा मुनेहिसा नावाचा तांदळाचा एक व्यापारी त्याच शतकात होऊन गेला आणि त्याच्याच नावाशी ह्या पद्धतीची परंपरा जोडली जाते. पाश्चात्त्य जगात ती पसरली ती स्टीव्ह निसन ह्या अमेरिकन लेखकाच्या १९९१ मधील ग्रंथामुळे. म्हणजे धान्याच्या पेढीवरून निघालेली विद्या दलाल स्ट्रीटवरून फिरून पुन्हा धान्याच्या पेढीवर आली. ह्यात संकोच वाटण्याचे आम्हास काही कारण दिसत नाही.

२००६ मध्ये आम्ही संगणक घेतला. त्यात विंडोज एक्सपी होते. आलेखाचे सॉफ्टवेअर एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून सीडीवर मिळाले. ते अवघ्या काही शे रुपयांत मिळाले, ह्याबद्दल त्या वेळी आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्या थोपटण्याचा हिशेब पुढे येणार आहे.

त्या सॉफ्टवेअरात आम्ही वायद्याचे भाव तर घालीतच होतो, पण त्याहून मोलाचे म्हणजे आपल्या वहीतले तुरीचे, ज्वारीचे, सोयाबीनचे यार्डातले भाव रोज हाताने भरीत होतो. कित्येकदा आम्ही, कित्येकदा मुनीमजी. तुरीचे महत्त्व विशेष. तुरीच्या वायद्यावर सरकारने जानेवारी २००७ मध्येच बंदी घातली. तेव्हापासून तुरीचा आलेख म्हणजे ज्याने त्याने आपल्या वहीतून काढलेला आलेख, दुसरा नाही. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने भात, गहू, हरभरा, सोयाबीन, मोहरी, मूग आणि कच्चे पामतेल ह्या सात मालांचे वायदे थांबविले व ती बंदी वेळोवेळी वाढविली. आमच्या पडद्यावर सोयाबीनची वायद्याची रेषा त्या महिन्यात तुटलेली दिसते. त्याच्या शेजारची यार्डाच्या भावाची रेषा मात्र पुढे चालू आहे. चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता मोबाइलवर फुकट चार्ट मिळतात, तुमचे हे जुने लचांड कशाला?" त्यांचे म्हणणे शेअरांपुरते खरे आहे. आमच्या तुरीपुरते ते खरे नाही.

पहिली ठेच आम्हास २०१३ साली लागली. जुना संगणक बिघडला म्हणून विंडोज ७ चा नवा घेतला. सॉफ्टवेअर त्यावर बसले आणि चाललेही. थोड्या दिवसांनी मात्र असे दिसू लागले की, मुनीमजींनी भरलेले भाव आम्ही पाहावयास जावे तो जागेवर नाहीत. "मालक, मी भरले आहेत," असे मुनीमजी म्हणत. त्यांनी आपल्या नावाने संगणक उघडून दाखविले की भाव तेथे असत. आम्ही आपल्या नावाने उघडले की नसत. पंधरा दिवस हा प्रकार चालला. अखेर एके सायंकाळी, दुकानात दोन गिऱ्हाइके बसलेली असता, आम्ही मुनीमजींना नको ते बोललो. कामचुकार असा शब्दही वापरला. ज्या माणसाने वीस वर्षे आमची तिजोरी सांभाळली त्याला हा शब्द.

खरा प्रकार पुढे एका जाणत्या तरुणाने समजावून दिला. विंडोजची व्हिस्टा नावाची आवृत्ती २००७ साली आली. तेव्हापासून 'प्रोग्राम फाइल्स' ह्या फोल्डरात साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची मनाई झाली. हेतू चांगलाच होता. बाहेरच्या घातक प्रोग्रामने तेथे शिरकाव करू नये. परंतु जुनी सॉफ्टवेअरे आपली आकडेवारी नेमकी तेथेच लिहीत. ती अडून पडू नयेत म्हणून विंडोज अशी युक्ती करते की, लिहिणाऱ्याला नकार देत नाही, पण लिहिलेले गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या खाजगी कोपऱ्यात नेऊन ठेवते. मुनीमजींचे मुनीमजींच्या कोपऱ्यात, आमचे आमच्या. दोघांनाही वाटावे की आपण एकाच वहीत लिहीत आहो. उपाय म्हटला तर पाच मिनिटांचा होता. सॉफ्टवेअर आणि आकडेवारी 'प्रोग्राम फाइल्स'मधून काढून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात ठेवणे, एवढाच. फोल्डर हलविले, दोन्ही कोपऱ्यांतील भाव एकत्र केले, काम झाले. मुनीमजींची क्षमा आम्ही त्याच दोन गिऱ्हाइकांना बोलावून त्यांच्यासमक्ष मागितली. मुनीमजी हसले, पण त्यानंतर संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही. आपले आकडे ते कागदावर लिहून आणून देत. त्या कागदांचा पुढे फार उपयोग झाला, हे दैवयोगाने घडले. आमच्या शहाणपणाने नव्हे.

आता गेल्या वर्षाची हकीगत. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली होती. आम्ही दुर्लक्ष केले. २०२३ पासून क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही त्यावर बसेनात. बँकेचे व जीएसटीचे काम करताना वारंवार इशारे येऊ लागले. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदतही सरली, तेव्हा चिरंजीवांनी विंडोज ११ चा नवा संगणक आणला. आलेखाचे सॉफ्टवेअर त्यावर बसेचना. 'हा प्रोग्राम ह्या संगणकावर चालू शकत नाही' एवढेच उत्तर.

कारण असे की, जुन्या काळी पुष्कळ सॉफ्टवेअरे, किंवा निदान ती बसविणारा त्यांचा आरंभीचा भाग, सोळा-बिट पद्धतीने लिहिलेला असे. बत्तीस-बिटी विंडोज त्याला सांभाळून घेई. चौसष्ट-बिटी विंडोज घेत नाही. आणि विंडोज ११ तर चौसष्ट-बिटीच आहे. 'कंपॅटिबिलिटी मोड' म्हणून जी सोय असते तिचा उपयोग लहानसहान रुसव्यांवर होतो, ह्यावर नाही. एक मधला मार्ग आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने नव्या संगणकाच्या पोटात एक काल्पनिक जुना संगणक उभा करावयाचा, त्यात जुने विंडोज बसवावयाचे आणि त्यात जुने सॉफ्टवेअर. हा मार्ग चालतो. पण त्या जुन्या विंडोजचाही परवाना आपल्याजवळ पाहिजे आणि त्याला इंटरनेटची जोडणी देता कामा नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने शंभराहून अधिक देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा मुदत संपलेल्या एक्सपीलाही दुरुस्ती देण्याची पाळी मायक्रोसॉफ्टवर आली होती. जुने विंडोज नेटवर उघडे ठेवणे म्हणजे रात्री गोदामाचे दार लोटून घेऊन घरी निजण्यासारखे आहे.

परवान्याचा प्रश्न निघाला तेव्हाच आमचे खरे दुखणे उघडे पडले. त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी म्हणून चौकशी केली, तर जुन्या ग्राहकास सवलत मिळते असे कळले. त्यासाठी जुना अनुक्रमांक द्यावा लागे. आमच्याजवळ अनुक्रमांक होता, पण तो आमचा नव्हता. ती सीडी चोरीची नक्कल होती. आम्हास २००६ मध्ये हे ठाऊक नव्हते असे म्हटले तर ते अर्धेच सत्य होईल. हजारोंची वस्तू शेकड्यांत मिळते तेव्हा गोणीत काय आहे हे व्यापाऱ्याला वासावरून कळते. आम्ही वास घेतला नाही, इतकेच.

आपल्याकडे अचौर्याच्या अतिचारांत 'तदाहृतादान' सांगितले आहे. दुसऱ्याने चोरून आणलेले आपण घेणे, असा त्याचा अर्थ. 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे खोटी वजनमापे, हा अतिचार धान्याचा प्रत्येक व्यापारी जाणतो; त्याबद्दल आमच्या संघात दरसाल भाषणे होतात. परंतु सीडीवरच्या, अलीकडे पेनड्राइव्हवरच्या, चोरीच्या मालाबद्दल आम्ही एकही भाषण ऐकलेले नाही. आणि आमच्यासारखे किती सभासद असतील, ह्याचा अंदाज आम्हास आहे. धर्माची गोष्ट बाजूस ठेवली तरी व्यवहार पाहावा. चोरीच्या सॉफ्टवेअरला कोणी धनी नसतो. विंडोज बदलले की त्याची दुरुस्ती कोणी करून देत नाही, तक्रार कोणाकडे नेता येत नाही, आणि त्याच्याबरोबर आणखी काय आत आले हे सांगणाराही कोणी नसतो. जी वस्तू आपण स्वस्त म्हणून घेतली तिच्यात एकोणीस वर्षांची मिळकत ठेवून बसलो, हे आमचे गणित सरळ चुकीचे होते.

मिळकत म्हणजे ती आकडेवारी. ती काढून घेण्याची खटपट जुन्या संगणकावर सुरू झाली. आमच्या सॉफ्टवेअरात भाव ज्या रचनेत साठविले जात ती मेटास्टॉकची रचना म्हणून ओळखली जाते. इतर पुष्कळ सॉफ्टवेअरांनीही तीच स्वीकारलेली आहे. फोल्डर उघडून पाहिले तर एफ१, एफ२, एफ३ अशा फाइलींची रांग दिसते. ह्यांतली तूर कोणती व ज्वारी कोणती हे त्यांवर लिहिलेले नसते. ते 'मास्टर' नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. खतावणीतली पाने शाबूत आणि अनुक्रमणिका फाटलेली, अशी अवस्था ती एक फाइल बिघडल्यास होते. ज्या सभासदांनी अशा फोल्डरांची नक्कल करताना तेवढ्या भावाच्या फाइली उचलल्या असतील, त्यांनी आजच तपासून पाहावे.

आमची मास्टर फाइल सुदैवाने धड होती. जुन्या संगणकाचा पंखा बंद पडला होता. बाहेरून टेबलफॅन लावून तो दोन तास चालविला आणि सर्व मालाचे भाव साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेतले. एका ओळीत एक दिवस, मधे स्वल्पविराम. त्या फाइली नव्या संगणकावर उघडून तुरीचा आलेख काढला, तर पडद्यावर काटेरी बाभूळ उभी राहिली. भाव एका दिवसात हजारांनी वर, दुसऱ्या दिवशी खाली. चिरंजीव म्हणाले, आकडेवारी सडली आहे, नाद सोडावा. आमचीही खात्री तशीच होत आली होती.

सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत. त्या शांतपणे यादी चाळीत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मामंजी, आपण यार्डात रविवारी कधी तूर घेत होतो का?" यार्डाला रविवारी सुटी. यादीत तर ५ फेब्रुवारी २०१२, रविवार, असा भाव दिसत होता. मुनीमजींचे कागद काढले. तो भाव २ मे २०१२, बुधवारचा निघाला. उलगडा झाला! सॉफ्टवेअर अमेरिकेचे. तेथे महिना आधी व तारीख मागून लिहितात. आपला संगणक तारीख आधी समजतो. बारापर्यंतच्या तारखांना तो बिनतक्रार उलट्या महिन्यात नेऊन बसवीत होता, आणि तेराच्या पुढच्या तारखांना महिनाच सापडत नसल्यामुळे त्या वगळीत होता. आयात करताना तारखेचा क्रम सांगण्याची सोय असते. तो क्रम सांगताच बाभूळ नाहीशी झाली व सरळ आलेख उभा राहिला. नंतर सूनबाईंनी प्रत्येक वर्षातले दहा दिवस वहीशी व मुनीमजींच्या कागदांशी ताडून पाहिले. एवढ्या वर्षांत तीन चुका सापडल्या. तिन्ही आमच्या हातच्या होत्या.

त्या आलेखात २०१५ चे शिखर आहे. त्या ऑक्टोबरात तूरडाळ किरकोळीत किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. पुढे २०१६-१७ च्या हंगामात देशात तुरीचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, सरकारचा हमीभाव ५,०५० रुपये असता बाजार त्याखाली गेला, तो खड्डाही आलेखात आहे. आणि त्या उतरणीच्या अगदी आरंभी आमची स्वतःची खरेदी आहे. आलेख तेव्हाही आमच्या टेबलावर होता. आम्ही तो रोज पाहत होतो. तेव्हा आलेख दिसला की पैसा दिसतो, असे जे तरुणांना वाटते त्यांच्यासाठी हे लिहिले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शेअरांच्या वायद्या-ऑप्शनांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत तोट्यात गेले, असे आढळले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्या सर्वांजवळ आलेख नव्हते असे कोणी म्हणू शकेल काय? आमच्या मते आलेखाचा उपयोग आठवणीपुरता. भाव पूर्वी कोठवर चढला होता, चढावयास किती दिवस लागले, उतरावयास किती, हे माणूस सोयीप्रमाणे विसरतो. कागद विसरत नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. मूळ आकडेवारी साध्या मजकुराच्या फाइलींत असते, वर्षाला एक फाइल, तारीख वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही विंडोजवर, किंबहुना विंडोज नसले तरीही उघडते. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मुलीच्या घरी नांदेडला. आलेखासाठी लिब्रेऑफिस कॅल्क हे फुकट व राजरोस मिळणारे साधन वापरतो. त्यात मेणबत्तीचा आलेख निघतो आणि वीस दिवसांची सरासरी म्हणजे साधी बेरीज-भागाकार आहे. ज्यांना अधिक पाहिजे त्यांनी मोल देऊन घ्यावे. पोलंडच्या टोमाश यानेचको ह्यांचे अॅमीब्रोकर घ्या. ते १९९५ साली अमिगा नावाच्या संगणकासाठी निघाले, त्या संगणकाचा बाजार उठला, तरी विंडोजवर येऊन आजतागायत चालू आहे आणि मेटास्टॉकच्या रचनेतील फाइलीही वाचते. धनी जागा असला म्हणजे माल कसा टिकतो, त्याचे हे उदाहरण. यार्डांचे सरकारी भाव अॅगमार्कनेटवर मिळतात, ते आपल्या भावांशेजारी ठेवून पाहण्यासारखे असतात.

चिरंजीवांचे मत अजून बदललेले नाही. सूनबाई मात्र रोज रात्री दुकान आवरल्यावर दहा मिनिटे भाव भरतात आणि वहीतही लिहितात. वही आम्ही बंद केलेली नाही.

जुना संगणक आम्ही भंगारात दिलेला नाही. त्याला नवा पंखा बसविला आहे, नेटची तार काढून टाकली आहे आणि ती चोरीची नक्कलही पुसली आहे. आकडे उतरवून घेण्यास लागणारी साधने तेवढी ठेवली आहेत. निर्मल, इच्चोडा, बोथ, आदिलाबाद येथील ज्या सभासदांचे भाव अशा एफ१, एफ२ च्या फोल्डरांत अडकले असतील, त्यांनी मास्टर फाइलीसकट ते फोल्डर घेऊन सायंकाळी सातनंतर पेढीवर यावे. शक्यतो पावसाळ्यापूर्वी यावे. गोदामाशेजारची खोली ओल धरते, आणि त्या यंत्राचे आता वयही झाले आहे.